डबी गप्प का बसली

हसताय? हसा खुशाल. पण आधी तो मोबाइल खाली ठेव. ऐकीव नाही, माझ्या मित्राचं सांगतोय. इस्पितळात पेसमेकर तपासायचं काम करायचा, म्हणून आम्ही त्याला ठोकेमास्तर म्हणायचो. गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार, रात्रीचा दीड.

त्या संध्याकाळी त्याचा थोरला भाऊ गेला. छातीत पेसमेकर. तो काढल्याशिवाय दहन करता येत नाही, भट्टीत बॅटरी फुटते. काढणारा माणूस रजेवर. मास्तर म्हणाला, "नाहीतरी दादाला परका हात नकोच." डॉक्टरांनी मृत्यू लिहून दिलाच होता. यानेच तळघरातल्या शवागारात चीर दिली, वायरी कापल्या, डबी काढली, चिरेवर पट्टी चिकटवली आणि डबी बंद करायला वर आपल्या खोलीत आणली.

"पण काका, बंद कशाला करायची? माणूसच गेला ना?"

अरे शहाण्या, डबीला काय कळतंय माणूस गेला ते? ती काळजाकडे कान लावून बसते. ठोका आपोआप पडला की गप्प. चुकला की बारीकसा झटका देते, काळीज पुन्हा चालतं. तिच्या जिवावर दादा नऊ वर्षं जिने चढला, लेकीचं लग्न केलं. आता एकटी टेबलावर पडल्यावर ती एकसारखे झटकेच देत बसणार की नाही?

मास्तरने डबीला काय ऐकू येतंय ते दाखवणारं मशीन लावलं. बघतो तर… एकही झटका नाही. डबी गप्प. आणि पडद्यावर रेघ उड्या मारतेय. आपोआप पडणारे ठोके!

त्याने डबी उलटसुलट करून पाहिली. कशालाच जोडलेली नाही.

तो खुर्चीतून ताडकन उठला. भुताच्या भीतीने नव्हे रे… जिवंत भावाला कापलं की काय आपण, या भीतीने.

"दादा?"

ठोके वाढले.

"दादा… दुखलं का रे तुला?"

आणखी वाढले. मग सगळं थांबलं. सरळ रेघ. आता तरी डबीने झटका द्यायला हवा…

नाही दिला.

मी बाहेर बाकावर दादाच्या बायकोजवळ बसलो होतो. मास्तर आमच्यासमोरून धावत सुटला, पांढराफटक. मी मागे. जिना. तळघर. त्याने कप्पा ओढला. दादा थंडगार. लाकडासारखा ताठ. मास्तरने छातीला कान लावला. काही नाही… डॉक्टर आले, नीट तपासलं. "गेलेत रे बाबा हे. कधीच गेलेत." मास्तर तिथेच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. माझाही जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात डॉक्टरांनी चादर आणखी खाली ओढली. आणि थांबले.

मेलेल्या माणसाची जखम वाहत नाही. एवढं तर तुम्हालाही ठाऊक असेल.

चिरेवरची पट्टी लालभडक भिजली होती. मी नको तेच केलं. बोट लावून पाहिलं.

गरम होती.