पांढऱ्या जास्वंदीचा खड्डा

मागच्या परसाला आडोसा करायचा म्हणून कमलाक्षी डिचोलीच्या बाजारात झाडं बघायला निघाली, तेव्हा तिच्या मनात भूतबीत काही नव्हतं. होतं ते एक बंद दार. शेजारची सुशीला जाऊन वर्ष झालं होतं आणि तिची माणसं घराला कुलूप लावून म्हापशाला गेली होती. तरी दुपारची भांडी आवरली की कमलाक्षीचे डोळे त्या मागीलदाराकडे वळायचेच. आता उघडेल, आता सुशीला वाटी घेऊन येईल. येणार कुठून? शेवटचं हिरवं लुगडं कमलाक्षीनेच तिला नेसवलं होतं.

"आये, चिऱ्यांचो गडगो घालूया," मुलगा गौरेश दगडी कुंपण सुचवत म्हणाला. "एका दिसाचें काम."

"गडगो नाका. तिका वायट दिसतलें."

"कोणाक?"

कमलाक्षीने पिशवी उचलली आणि वाटेला लागली.

रोपवाल्या बाबलीने बरंच काही दाखवलं. पण लेकासाठी मुलगी बघायला गेल्यासारखी तिला प्रत्येकात खोट दिसत होती. मेंदीला काटे, बांबूत सापांची सोय. शेवटी गुरं तोंड लावत नाहीत म्हणून अडुळसा पसंत पडला. मग तिने हळूच विचारलं, "पांढरी जास्वंद आसा?"

"ती आतां खंय मेळटा, आये? खाणीच्या धुळीन गेली सगळी."

सुशीलाच्या विहिरीकाठी होती तसली. दोघींच्या देवांना पुरायची. गोवा राज्य झालं त्या वर्षी खाण आणखी खोल गेली, विहीर आटली आणि मागोमाग जास्वंदही वाळली.

गौरेशने अडुळशाची रांग लावली. मधोमध, जिथून दोघी वाट्यांची देवघेव करायच्या, तिथला खड्डा मात्र कमलाक्षीने रिकामाच ठेवायला लावला. तिथे दुसरं काही लावायला तिचं मन होईना.

चैत्रात तिचा पाय मुरगळला. गौरेश दिवसभर खाणीवर, सून सेजल माहेरी. रोपांना पाणी घालणार कोण? पाय टेकवू लागल्यावर ती काठी घेऊन परसात गेली, ती रोपं वाळलीच असणार असं धरून. अडुळसा टवटवीत होता. मुळाशी माती ओली होती… पलीकडच्या अंगाने.

पलीकडे आटलेल्या विहिरीपर्यंत तांबड्या धुळीचा थर होता. त्यावर पाऊल एकही उमटलेलं नव्हतं. फक्त थेंबांची ओळ होती, भरलेली घागर हिंदकळत आणावी तशी.

कमलाक्षीच्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगायचं तर, त्याहून जास्त तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तिने हरभऱ्याच्या डाळीचं गोड मणगणं केलं, सुशीलाला आवडायचं तसं गूळ सढळ घालून. वाटी खड्ड्यापलीकडे ठेवली.

"सुशीले… हीं झाडां तुका पयस लोटूंक न्हय गो… तें बंद दार बघवना म्हूण…"

पलीकडून वास आला, खोल विहिरीतल्या गार पाण्याचा.

तिन्हीसांजेला दिवा घेऊन ती मागीलदारी आली. वाटी तिच्याच पायरीवर होती, लखलखीत घासलेली. सुशीलाने जन्मात कधी वाटी रिकामी परत केली नव्हती… आताही केली नव्हती. वाटीत जास्वंदीची फांदी होती, रुजवायला देतात तशी तिरकी कापलेली. टोकाला पांढरी कळी आणि बुडाला ओल्या चिंधीची गाठ.

लावली तर मधली फट बुजणार. नाही लावली तर सुशीलाचा शब्द मोडल्यासारखं होणार. कमलाक्षी खड्ड्याशी बसली आणि तिने गाठ सोडली. चिंधी सुशीलाच्या त्या शेवटच्या हिरव्या लुगड्याची होती. ते लुगडं तर सुशीलाबरोबर चितेवर जळलं होतं.

तरी तिने फांदी उभी केली, माती लोटली आणि तळव्याने दाबू लागली. पलीकडूनही माती दबत होती… तिच्याच हाताच्या लयीत.

"हांव हांगाच आसां गो," ती पुटपुटली. बऱ्याच वेळाने तिने हात काढून घेतला.

माती दबतच होती.