मामंजींची जीप

“तुम्ही गाडीला हात लावू नका, वहिनी!”

परसातल्या पत्र्याच्या शेडमधून धाकट्या दिराचा आवाज आला आणि चहाचा कप घेऊन आलेली वहिनी दारातच थबकली. जीपच्या बॉनेटवर वाळलेली पानं पडली होती, ती झटकायला तिचा हात आपसूक पुढे गेला होता, एवढंच! तिनं तो मागे घेतला, कप कोपऱ्यातल्या पालथ्या बादलीवर ठेवला आणि ती निमूटपणे बाजूला उभी राहिली.

“मरू दिलीत तेवढी पुरे झाली,” तो पुटपुटला, आणि पुन्हा खरडणीनं गंज काढू लागला.

मरू दिलीत... हेच शब्द तो पूर्वीही बोलला होता. मामंजी गेले त्या दिवशी, भरल्या घरात! “सुनेनं किल्ली काढून घेतली आणि बाबांचा प्राणच काढून घेतला. गाडी मेली, मग बाबा गेले.” त्या दिवसापासून तो तिला ‘तुम्ही’ म्हणू लागला, आणि हळूहळू यायचाच बंद झाला. ज्याला शाळेत सोडताना तिनं रोज बुटाच्या नाड्या बांधून दिल्या, नवरा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, वारल्यावर ज्याच्यासाठी ती माहेरी न जाता या घरात राहिली, त्याचं ते ‘तुम्ही’ ऐकून तिच्या काळजाला घरं पडली. पण तिनं तोंडातून ब्र काढला नाही. कसा काढणार? शब्द दिला होता ना!

आता नोकरी संपवून तो बायकोसह घरी परतला होता, आणि आल्या दिवसापासून बाबांच्या जीपशी झटत होता. तो घरात पुन्हा चालतोय, बोलतोय, हेच वहिनीला एवढं मोठं वाटत होतं की तिची त्या ‘तुम्ही’बद्दलही तक्रार उरली नव्हती.

“ताई, ह्यांचं मनावर घेऊ नका,” धाकटी जाऊ शेडमध्ये डोकावत म्हणाली. “स्वतःला गंज चढलाय, तो निघत नाही, म्हणून गाडीचा काढताहेत!”

वहिनीला हसू आलं. दिराला मात्र नाही. तो हत्यारांच्या पेटीमागून जुनं हँडल शोधत होता. गाडीच्या नाकात घालून इंजिन हातानं फिरवायचं ते लोखंडी हँडल.

“फिरणार नाहीच म्हणा,” तो बायकोला म्हणाला. “इतकी वर्षं उभी आहे. इंजिनाचा आतून दगड झाला असेल. तसं असेल तर भंगारवाल्यालाच बोलवायचं आणि हा विषय कायमचा मिटवायचा.”

भंगार! वहिनी नकळत एक पाऊल पुढे आली. त्यानं हँडल आत सरकवलं, मूठ घट्ट आवळली, आणि...

“अंगठा! अंगठा काढ आधी!”

ती ओरडलीच. दिराचा हात जागच्या जागी थांबला.

“अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव,” ती भीत भीत म्हणाली. “हँडल उलटं फिरलं तर मोडतो. गाडी बंद असली तरी सवय सोडायची नाही...”

हे तर बाबांचं वाक्य! शब्दन् शब्द बाबांचं! त्यानं वहिनीकडे विचित्र नजरेनं पाहिलं, अंगठा काढला आणि हँडल ओढलं. ते फिरलं... जात्यासारखं, अगदी सहज!

तो खाली बसला. त्यानं हँडल बाहेर काढून पाहिलं. मुठीवर कापड गुंडाळलेलं होतं, घासून घासून मऊ झालेलं, पिवळ्या फुलांचं. स्वयंपाकघरातल्या पडद्याचं! त्याच पडद्यामागे लपून तो लहानपणी वहिनीला घाबरवायचा. त्यानं घाईघाईनं एक प्लग खोलला आणि आत बोट घातलं. बोटाला स्वच्छ, ताजं तेल लागलं.

“हे तुम्ही...? इतकी वर्षं?”

“तेल सोडून हँडल फिरवायला मामंजींनीच शिकवलं होतं,” ती म्हणाली. “ते त्या बादलीवर बसून कान देऊन ऐकायचे. म्हणायचे, ‘वरचा पत्रा गंजू दे सूनबाई, पण इंजिन आखडू देऊ नकोस. पोरगा कधीतरी येईल.’ ”

“मग किल्ली का काढून घेतलीत?”

वहिनी पदराचं टोक बोटांना गुंडाळत राहिली.

तिला तो दिवस आठवत होता. डोंगरावरच्या वस्त्यांवर डॉक्टरांना रात्रीअपरात्री नेणाऱ्या मामंजींनी भर उजेडात फाटकाचा खांब पाडला होता. “मध्येच खांब कुणी आणला?” असं विचारून ते हसले, आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. “मला दिसत नाही ग... पण कुणाला कळू देऊ नकोस. धाकट्याला तर नाहीच. सुनेनं किल्ली काढून घेतली म्हणून सांगू. चालेल ना तुला?” चालेल, म्हणाली ती. पुढे दीर सुट्टीला आला की मामंजी पेपर तोंडापुढे धरून बसत, आणि एकदा तो उलटा धरला तेव्हा तिनंच चहा देण्याच्या निमित्तानं सुलटा केला होता.

दीर जीपमध्ये चढून बसला, बाबांच्या जागेवर. डॅशबोर्डवरची धूळ पुसता पुसता त्याचं बोट अडखळलं. दिव्याच्या बटणाला तांब्याच्या तारेचा एक वेढा होता. वायपरच्या बटणाला दोन. कुठलं बटण कुठलं, ते हाताला कळावं म्हणून...? त्यानं बाहेर वाकून उजव्या मडगार्डकडे पाहिलं. सकाळीच त्यानं गंज खरवडला होता, आणि खाली ओरखड्यांवर ओरखडे निघाले होते, फाटकाच्या खांबाचा चुना भरलेले.

“वहिनी...” तो तिच्याकडे वळला. “बाबांना दिसत नव्हतं?”

“मी शब्द दिलाय, भाऊजी. मला विचारू नकोस.”

त्याला उत्तर मिळालं. तो खाली उतरला आणि तेला-गंजानं माखलेल्या हातांनी त्यानं तिचे दोन्ही हात धरले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“सगळ्यांसमोर बोललो मी तुला! आणि तू ऐकून घेतलंस... बाबांची लाज राखलीस, माझी वाट पाहिलीस. कसे फेडू ग तुझे उपकार?”

“वेडा रे वेडा! तू आलास, यात सगळं आलं.”

“आधी हात धुवा म्हणावं,” जाऊ डोळे पुसत म्हणाली. “ताईंचं पातळ गेलं कामातून!”

मग दिवसामागून दिवस तिघंही त्या शेडमध्ये राबली. पत्रे बदलले, ब्रेक नवे बसवले, सीट वहिनीनं शिवल्या. तारेच्या वेढ्यांना मात्र दिरानं कुणाला हात लावू दिला नाही.

जीप सुरू करायच्या सकाळी त्यानं हँडल तिच्यापुढे धरलं.

“बॅटरी आहे की आता,” ती म्हणाली.

“असू दे. हे काम तुझंच.” आणि तो जाऊन पालथ्या बादलीवर बसला, बाबा बसत तसाच, मान किंचित तिरकी करून. “हं, सूनबाई... फिरव!”

वहिनीनं अंगठा बोटांच्या बाजूला घेतला, डोळे मिटले आणि हँडल ओढलं. इंजिन एकदा खोकलं, अडखळलं, आणि मग धडधडत, हसत जागं झालं! शेडचा पत्रान् पत्रा थरथरू लागला. त्या आवाजात तिचं बोलणं कुणालाच ऐकू गेलं नाही. ज्यांना ऐकू जावं, त्यांच्याशीच ती बोलत होती.

“ऐकलंत ना, मामंजी? पोरगा आला.”