बसून: ४० मिनिटं

दुपारची जेवणं आटोपल्यावर धाकटा दीर कॉम्प्युटर न्यायला आला, तेव्हा ती नवऱ्याच्या खोलीत स्टुलावर बसून त्यातले फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून घेत होती. नवऱ्याला जाऊन तीन महिने झाले होते. यंत्र नुसतं धूळ खात पडलंय, मी वापरतो, असं दीर म्हणाला होता, आणि नाही म्हणायला तिला कारण सुचलं नव्हतं.

नवरा एक नंबरचा हट्टी. तयार मिळालेलं काही म्हणून त्याला चालायचं नाही. पडद्याच्या वरच्या कडेला एक बारीक काळी पट्टी होती, तीही त्याने स्वतः लिहून बसवलेली. प्रोसेसर किती तापला, मेमरी किती उरली, किती वाजले, सगळं तिथे ओळीने दिसायचं. आणि अगदी उजवीकडे ‘बसून’. पायांत रक्त गोठतंय, चाळीस मिनिटांच्या वर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून पठ्ठ्याने खुर्चीच्या उशीखाली दाब ओळखणारी चकती घातली आणि तिची वायर यंत्राला जोडली. चाळीस झाले की पट्टी लाल व्हायची. मग हा काय करायचा? बूड बोटभर उचलायचा, आकडा शून्य झाला की पुन्हा टेकायचा. स्वतःच्याच यंत्राला फसवण्यात कसली आलीय मर्दुमकी! शेवटी एका दुपारी त्याच खुर्चीत तो गेला.

“वहिनी, हे बघितलंत?” दिराने पट्टीकडे बोट दाखवलं.

खुर्ची रिकामी होती. पट्टीवर मात्र ‘बसून: २६ मि.’

“चकती बिघडली असणार.” त्याने वायर उपटून खिशात घातली. आकडा तसाच राहिला. “वायर काढली की शेवटचा आकडा धरून बसतं ते. मी खोकं घेऊन तासाभरात येतो.”

दार लागलं आणि घर गप्प झालं. यंत्राचा पंखा तेवढा घुमत होता. तिने सहज वर पाहिलं.

सत्तावीस.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. तीन महिने भिंतींशी बोलून ती थकली होती. तो पायांना चोळायचा त्या तेलाचा उग्र वास आता खोलीत पसरत होता.

“तू... आहेस?”

तीस. चौतीस. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली, कितीतरी दिवसांनी कुणाच्या तरी शेजारी. अडतीस झाले तशी ती खुर्चीकडे झुकली.

“ऊठ रे... या वेळी तरी खरा ऊठ...”

पट्टी लाल झाली. खुर्ची करकरली. शून्य.

आता लबाड पुन्हा टेकणार, म्हणून ती एकाचा आकडा येण्याची वाट बघत राहिली. पाच मिनिटं गेली, तरी शून्यच. तेलाचा वासही विरला होता.

म्हणजे गेला. आपणच उठवलं त्याला. तिला रडू कोसळलं. डोळ्यांना पदर लावून ती त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. उशी कोमट होती.

पट्टीवर एक आला. मग दोन. वायर तर दिराच्या खिशात होती. तिने तेव्हाच उठायला हवं होतं. पण तीन महिन्यांत तिची विचारपूस कुणी केली नव्हती, आणि इथे कुणीतरी तिची मिनिटं मोजत होतं. मान मागे टेकताच तिचा डोळा लागला.

बेलच्या आवाजाने ती दचकून जागी झाली. पट्टी लालभडक झाली होती.

“वहिनी! दार उघडा, खोकं आणलंय!”

“आले, आले...” म्हणत ती उठू लागली. तोच मागून तिच्या दोन्ही खांद्यांवर हलका दाब पडला, निघालेल्या पाहुण्याला पुन्हा बसवताना देतात तसा.