तक्रार, जशीच्या तशी

आमची ओळख एका जळक्या इस्त्रीने करून दिली. त्या दिवसांत मी एका वेबसाइटसाठी घरगुती विषयांवर लेख लिहायचे आणि दर सोमवारी संपादकबाईंना तीन ताजे विषय द्यायचे. ताजे कसले! इतरांचे लेख चाळून तेच फिरवून-फिरवून देत होते. बाईंनी निर्वाणीचं सांगितलं होतं, या महिन्यात नवं काही आलं नाही, तर सदर दुसऱ्या कुणाकडे जाईल. त्या काळजीत मी शर्टवर इस्त्री ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. शर्ट गेला, इस्त्रीनेही मान टाकली, आणि आईने मला दुरुस्तीवाल्याकडे पिटाळलं.

दुकान एका जिन्याखाली होतं. मिक्सर, पंखे, रेडिओ, आणि त्यांच्या गराड्यात तो... चष्मा कपाळावर, बोटांना काळं ग्रीस. त्याने इस्त्रीकडे बघितलंच नाही. पुठ्ठ्याची एक चिठ्ठी ओढून माझ्याकडे बघितलं.

"तक्रार काय?"

"बंद पडलीये."

"ती तिची. तुमची काय?"

"मला लिहायला काही सुचत नाही," मी म्हणून गेले, "म्हणून ती जळली."

त्याने ते जसंच्या तसं लिहिलं, जराही न हसता, आणि चिठ्ठी दोऱ्याने इस्त्रीला बांधली. तेव्हा मी बाकीच्या चिठ्ठ्या वाचल्या. 'मिक्सर फक्त पाहुण्यांसमोर ओरडतो.' 'पंखा नवऱ्याच्याच बाजूला वारा देतो.' 'चार वाजले की रेडिओ खरखरतो.' मला हसू आवरेना. त्याने मात्र शांतपणे समजावलं, की माणसाच्या बोलण्यातच अर्धा बिघाड सापडतो. चार वाजता शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप सुरू व्हायचा, रेडिओत दोष नव्हताच. दुसऱ्या दुकानदाराने तो उगीच दोनदा उघडला होता.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतकं कान देऊन ऐकणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

त्या सोमवारी मी तीन विषय दिले : पाहुण्यांसमोरच वस्तू का बिघडतात, एकाच पंख्याखाली दोघांनी कसं झोपावं, आणि शेजाऱ्यांचे आवाज. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. माझं सदर टिकलं, आणि माझ्या घरात वस्तू धडाधड बिघडू लागल्या. घड्याळ नेलं, टोस्टर नेला, शेवटी टॉर्च.

"यात सेल उलटे घातलेत," तो म्हणाला. "चुकून?"

"चुकून," मी म्हणाले... आणि कानापर्यंत लाल झाले. त्यानेही मान खाली घालून सेल सरळ करायला नको तितका वेळ लावला.

मग मी माती खाल्ली. एका निवृत्त मास्तरांच्या रेडिओवर चिठ्ठी होती, 'हा बंद असला की घर फार मोठं वाटतं.' ते वाक्य मी उचललं आणि लेखाचा मथळा केला. मास्तरांचं नाव घातलं नव्हतं, लेखही खूप गाजला. पण वाक्य कुणाचं, हे मास्तरांना कळणारच. ते दुकानात आले आणि रेडिओ तसाच बिघडलेला उचलून घेऊन गेले.

पुढच्या खेपेला पाहते तर सगळ्या चिठ्ठ्यांवर नुसते आकडे.

"त्यांनी ते मला सांगितलं होतं," तो म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. "माझ्यावर विश्वास ठेवून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सदर गेलं तरी चालेल, पण याच्या नजरेतून उतरायला नको, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

तशीच मास्तरांच्या घरी गेले. माफी मागितली, लेख काढून टाकते म्हणाले. मास्तरांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

"काढू नकोस. पण विचारायचं होतंस, पोरी," ते म्हणाले. "मी आणखी सांगितलं असतं." आणि खरंच सांगत बसले, चहा दोनदा झाला. निघताना मी त्यांच्या परवानगीने रेडिओ कडेवर घेतला.

रिमझिम लागली होती. दुकानात पोचले तेव्हा रेडिओ ओढणीत गुंडाळलेला, मी नखशिखांत भिजलेली. त्याने रेडिओ पाहिला, मग मला. एक कोरी चिठ्ठी ओढली. त्यावर आकडा घातला नाही.

"तक्रार काय?"

"रेडिओची मास्तर येऊन सांगतील," मी म्हणाले. "माझी वेगळी आहे... इथे आल्याशिवाय मला करमत नाही. घरातल्या वस्तू संपत आल्यात."

तो लिहू लागला. एकेक शब्द, जसाच्या तसा. मग चिठ्ठी कशाला बांधावी म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि दोरा आपल्याच शर्टाच्या बटणात अडकवला.

"दुरुस्त होईल?" मी विचारलं.

"करणार नाही," तो म्हणाला. "उद्या ये. रिकाम्या हाताने ये."

पहिल्यांदाच त्याने मला 'ये' म्हटलं होतं.

त्या सोमवारी मी दोनच विषय दिले. तिसरा इतके दिवस स्वतःपाशी ठेवला होता. आज लिहिलाय, तोही त्याला विचारून.