पाचवा गिअर

प्रणव, तो बाहेरचा दिवा घालव बघू. बॅकयार्डमध्ये बसायचं तर अंधारात बसावं, नाहीतर आत जाऊन टीव्ही लावा. आणि शिवांगी, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. ही गोष्ट ज्याच्यावर बेतली, त्याने माझ्याच स्वयंपाकघरात बसून सांगितली, चहा पार निवेपर्यंत. तो थापा मारणाऱ्यांतला नाही. खरं तर तो बोलणाऱ्यांतलाच नाही.

यतीन त्याचं नाव. राहायला क्वेकर्स हिलला, आमच्या मागच्या गल्लीत. पुण्याचा मेकॅनिकल इंजिनीअर, इथे येऊन कॉम्प्युटरसमोर बसला. सगळेच बसतात. तर गेल्या वर्षी बारा जुलैला, शनिवारी, रात्री साडेदहाला हा पेट्रोल भरायला निघाला. गुरुपौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले. चांदणं लख्ख, जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, थंडी हाडात शिरणारी. काम तसं साधं होतं. पण ज्या गाडीतून निघाला, ती गाडी साधी नव्हती.

ती हॉट रॉड होती. म्हणजे बॉडी आजोबांच्या काळातली आणि बॉनेटखाली दांडगं व्ही-एट इंजिन. यतीन आणि त्याचा जिवलग मित्र सारंग, दोघांनी मिळून ती चार वर्षं यतीनच्या गॅरेजमध्ये जुळवली. बायका म्हणायच्या, तिसरा संसार थाटलाय. सगळं जुळलं, फक्त एका गोष्टीवर दोघांचं वाजायचं. गिअरबॉक्स.

तुम्ही पोरं ऑटोमॅटिक चालवणारी, म्हणून सांगतो. सायकलचे गिअर आठवा. चढाला एक लागतो, सपाटीला दुसरा. सारंगला हवा होता चार गिअरचा बॉक्स, गिअर एकमेकांना लागून, आणि मागच्या डिफचा, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरचा, रेशोही तसाच, जोर देणारा. सारंग म्हणायचा, "अरे, गाडी उतारावर इंजिनने धरून ठेवायची असते, ब्रेकने नाही. आपण बिलपिनला जाणार. घाट बघ, मग गिअर निवड." यतीनला हवा होता पाच गिअरचा. पाचवा म्हणजे नुसता हायवेसाठी, इंजिन निवांत, पेट्रोलची बचत. लॅपटॉपवर हिशेब मांडून तो दाखवायचा. सारंग झाकण पाडायचा. लॅपटॉपचं झाकण, म्हणतोय मी. चिडून नाही हं, हसत. आणि यतीनने ते परत उघडू नये म्हणून वर हात ठेवून बसायचा.

फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी, सारंग ऑफिसच्या लिफ्टमध्ये कोसळला. एकोणचाळीस वय. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत खेळ संपला होता.

यतीनने सगळं केलं. पुण्याला फोन केले, क्रिमेटोरियमची वेळ घेतली, सारंगच्या बायकोला, मितालीला, धरून उभा राहिला. रडला मात्र नाही. मला म्हणाला, "काका, दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तसा मी सगळाच झालो होतो." जेवायचा, कामाला जायचा, झोपायचा. चव नाही, राग नाही, काही नाही.

मे महिन्यात मितालीने सांगितलं, की ती सहा वर्षांच्या रुचाला घेऊन कायमची पुण्याला चालली आहे. एकच मागितलं तिने. "यतीन, ती गाडी पूर्ण कर. त्याला हवी होती तशीच. रुचाला एकदा तिच्या बाबाच्या गाडीत बसू दे, मग आम्ही जातो."

यतीन म्हणाला, "करतो."

आणि बसवला काय? पाच गिअरचा. स्वतःचा. आता तुम्ही म्हणाल, नीच माणूस. तसं नाही रे. सारंगला हवा तो बॉक्स मिळायला वेळ लागणार होता आणि पाच गिअरचा विकणारा समोर होता, हे एक. पण खरं कारण त्याने मला मान खाली घालून सांगितलं. भांडायला समोर कोणी उरलंच नव्हतं. माणूस बधिर झाला की सोपं असेल ते करतो. डिफसुद्धा त्याने आपल्याच मताचा घातला. मितालीने विचारलं, "सारंगचाच ना?" तो "हो" म्हणाला. तेव्हाही त्याला काही वाटलं नाही.

रविवारी सकाळी मायलेकींना बिलपिनला न्यायचं होतं. सोमवारी त्यांचं विमान. म्हणून शनिवारी रात्री हा पेट्रोल भरायला आणि तोच रस्ता एकदा मारून बघायला निघाला. चाचणीचं परमिट होतं खिशात.

नॉर्थ रिचमंडला पेट्रोल भरलं. कुराजाँग सोडलं आणि बेलबर्ड हिलचा चढ लागला. तिथेच त्याच्या ध्यानात आलं. दुसऱ्यात इंजिन बोंबलतंय, तिसऱ्यात धापा टाकतंय. मधला गिअरच नाही. सारंग बरोबर होता. ही गोष्ट त्याने बातम्या ऐकाव्या तशी ऐकली आणि गाडी कशीबशी वर नेली.

वर सपाटी. त्याने पाचवा टाकला. गाडी मऊ झाली. दोन्हीकडे सफरचंदांच्या बागा, पानं झडलेली, पाईची दुकानं बंद. बिलपिनला गाडी वळवून तो परत निघाला. समोरून एकही गाडी नाही. मागेही नाही.

उतार सुरू झाला तेव्हा गिअर पाचवाच होता. खाली आणायला हवा होता. शिकाऊ पोरगंही आणेल. याने आणला नाही. का? "काय माहीत," म्हणाला, "हात उचलावासाच वाटला नाही." नुसता ब्रेक दाबत राहिला. पहिलं वळण. दुसरं. गाडी जड, ब्रेक जुन्या धाटणीचे. मग जळका वास आला. मग पॅडल मऊ लागलं. मग आणखी मऊ.

मग पॅडल तळाला गेलं.

गाडी सुटली.

झाडं पांढरी दिसत होती चांदण्यात. पुढे वळण होतं. त्याला दिसत होतं. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याच्या मनात एवढंच आलं... बरं. असं का.

डावा हात गिअरच्या दांड्यावर होता. नुसता ठेवलेला.

आणि क्लच खाली गेला.

त्याचा पाय जमिनीवर होता, पोरांनो. क्लचच्या बाजूला. त्याने मान वाकवून पाहिलं. पॅडल आपोआप दबलं होतं.

हाताखालचा दांडा हलला. पाचव्यातून निघाला. क्लच वर आला. इंजिनने एक हुंकार दिला. क्लच परत खाली... दांडा तिसऱ्यात.

क्लच असा दोनदा दाबून गिअर खाली आणायची जुनी रीत आहे. हल्ली कोणी करत नाही. यतीनला ती येतच नाही.

गाडीने आचका दिला. इंजिन ओरडलं. वेग तुटला. मग तसंच पुन्हा. खाली, वर, हुंकार, खाली. दुसरा. वळण आलं. स्टिअरिंग तेवढं यतीनच्या हातात होतं. वळण गेलं.

डावीकडच्या सीटकडे त्याने पाहिलं नाही. मी विचारलं, का रे? म्हणाला, "रिकामी असती तर?"

...

कुराजाँगला, उतार संपल्यावर, गाडी कडेला लागली. इंजिन चालू. काचेवर धुकं धरलं होतं. त्याच्या श्वासाने, त्याच्या बाजूला. आणि डाव्या बाजूलाही...

असो.

तो म्हणाला, "सारंग?"

काही नाही.

"सारंग, मी तिला खोटं सांगितलं."

ब्रेक गार होईपर्यंत तो तिथेच बसला. मग हळूहळू निघाला. रिचमंडच्या अलीकडे सरळ रस्ता लागला, तेव्हा सवयीने हात पाचव्याकडे गेला. दांडा जाईना. अडकला नव्हता. गिअर अडकल्यावर कसा लागतो ते त्याला कळतं, इंजिनीअर आहे. कोणीतरी वर हात ठेवून बसावं, तसा तो जाईना. जोर न लावता. हसत.

घरी येऊन शटर ओढलं आणि उजाडेपर्यंत गाडीतच बसून राहिला. रडू तेव्हाही आलं नाही.

सकाळी मिताली आली, रुचाला घेऊन. रुचाने गाडी पाहिली आणि धावतच सुटली, "इज इट डॅडीज? कॅन आय सिट?" यतीनने तिला उचलून आत ठेवलं आणि मितालीसमोर उभा राहिला. घाटात जायचं नाही, इथेच सपाटीवर चक्कर मारू, एवढं आधी सांगितलं. मग म्हणाला, "आणखी एक. ही त्याची गाडी नाहीये. त्याला हवा होता तो गिअरबॉक्स मी बसवला नाही. माझा बसवला. तुला खोटं बोललो."

मिताली लेकीला मांडीवर घेऊन डावीकडच्या सीटवर बसली आणि गाडीभर नजर फिरवत राहिली. मग तिचा हात गिअरच्या नॉबवर गेला. तिथेच थांबला.

त्या नॉबच्या डोक्यावर गिअरचा नकाशा कोरलेला असतो, एक ते पाच आणि रिव्हर्स. यतीनने तो नॉब शनिवारी संध्याकाळी प्लॅस्टिकमधून काढून लावला होता. कोरा करकरीत.

मिताली म्हणाली, "खोटं आत्ता बोलतोयस तू. गिअर तू आत्ता बसवलास, तर हा नॉब एवढा झिजला कसा?"

यतीनने वाकून पाहिलं. एकपासून चारपर्यंत रेघा ठसठशीत होत्या. पाचाचा आकडा नव्हता. त्याची रेघ नव्हती. त्या जागी गुळगुळीत खळगा पडला होता, माणसाने वीस वर्षं रोज अंगठा घासावा तेव्हा पडेल तसा.

मितालीने त्यात अंगठा ठेवला. काढला नाही. आणि यतीन तिथेच, गॅरेजच्या फरशीवर, खाली बसला आणि रडला. पाच महिन्यांचं सगळं. रुचा घाबरून आईला विचारत होती, "व्हॉट हॅपन्ड टू काका?"

नॉब आता यतीनकडे असतो, घरात. त्या दिवशी चहा पिताना त्याने तो खिशातून काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवला. मी चष्मा लावून नीट पाहिला. अंगठा ठेवून बघा, म्हणाला.

मी नाही ठेवला.