हात धरू का?

माझ्या थापा सोलापूरभर चालतात, हे मी नाकारत नाही. पण ही थाप नाही. मागच्या एप्रिलमध्ये, भर दुपारी, एका शाळेच्या हॉलमध्ये मी स्वतः होतो.

माझ्या पुतणीचं नाव शिवलीला. ती नाच बसवते. नाटकातल्या मिठ्याही बसवते. कुणी कुणाला कुठं, किती हात लावायचा, हे दोघांच्या मर्जीनं ठरवते. आमच्या वेळी ही सोय असती तर तुझी काकू मला हो म्हणालीच नसती, असं मी तिला चिडवायचो.

तिचा नियम एकच. आधी विचारायचं. नकार आला की मागं सरायचं, पुन्हा विचारायचं नाही.

तेव्हा ती बसवत होती त्या नाचात दोघं होती. प्रतिक्षाला दिसत नाही. संघपालचा एक पाय कृत्रिम. पुढच्या महिन्यात त्यांचं लग्न होतं.

आदल्या दिवशी संघपाल तालमीला आलाच नव्हता. प्रतिक्षा रुसली होती.

वीज गेली. पंखा थांबला. ऊन नको म्हणून दार लोटलेलं, पडदे ओढलेले, त्यामुळं हॉल अंधारला.

मग फरशीवर...

खट... खट...

त्याचाच पाय.

"प्रतिक्षा, हात धरू का?"

आवाज तिच्या अगदी जवळून आला.

"काल कुटं होतास? आज हात लावायचा न्हाय."



खट... खट... आवाज मागं मागं गेला.

शहाणा आहे पोरगा, असं शिवलीला कौतुकानं म्हणाली.

मी दाराशीच बसलो होतो. माझ्यासमोरून कुणी आत आलं नाही.

कुणी बाहेरही गेलं नाही.

संध्याकाळी फोन आला. मंद्रूपहून येताना संघपालला ट्रकनं उडवलं होतं, जागीच गेला.

सकाळीच.

आता दर रविवारी शिवलीला हॉल उघडून देते. प्रतिक्षा त्याच जागी उभी राहते, हात पुढं करून.

गेल्या रविवारी मीही गेलो. पंखा बंद केला.

खट...

एकदाच. दाराबाहेर.

"ये की रं," प्रतिक्षा म्हणाली. "चुकले म्हणत न्हाय मी. रागात हुते. आता व्हय म्हणते की."

पुढचं पाऊल वाजलं नाही.

शिवलीला माझ्या कानाशी आली.

"काका, नकार मागंही घेता येतो... हे मी त्याला शिकवलंच नव्हतं."

मी उठलो आणि दार सताड उघडलं.

बाहेर नुसतं ऊन होतं.

निघताना ते दार ओढून घ्यायला माझा हात धजला नाही.