श्वास आत घेताना

आवाज श्वास आत घेतानाच येत होता, सोडताना नाही. दीड महिन्याचं बाळ पाठीवर निजलं की तो वाढायचा, पालथं केलं की विरायचा. तपासण्याआधीच मला हे कळलं, कारण बाळाच्या मामाने दोन्ही आवाज फोनवर टिपून आणले होते.

"सगळे सर्दी म्हणतात. मी रेडिओवर ध्वनिमुद्रण करतो, डॉक्टर. ही सर्दी नाही."

"निदान मी केलं तर चालेल ना?"

"करा की... मी गप्प बसतो."

बसला नाहीच. मी नाकातून बारीक दुर्बीण घातली. स्वरयंत्राचा वरचा भाग जन्मतःच मऊ होता, प्रत्येक श्वासाबरोबर आत ओढला जात होता.

"वजन वाढतंय तोवर ऑपरेशन नको," मी त्याच्या रडवेल्या बहिणीला सांगितलं. "उभं धरून पाजा. वर्ष-दीड वर्षात बहुतेक मुलांचं आपोआप बरं होतं."

दर महिन्याला बहिणीबरोबर तोही यायचा, नवं रेकॉर्डिंग घेऊन. एकदा म्हणाला, "तुमच्या आवाजातही थोडी हवा निसटते."

माझा हात गळ्यावरच्या स्कार्फकडे गेला. माझी श्वासनलिका जन्मतः अरुंद होती. चार वर्षं मी गळ्यातल्या नळीतून श्वास घेतला. त्या नळीचा व्रण आई प्रत्येक स्थळापासून लपवायची आणि मी, रोज लोकांच्या मुलांचे गळे तपासणारी, मुकाट लपवू द्यायची.

"खटकते?"

"खटकली असती तर दुपट्यांची पिशवी उचलून दर महिन्याला आलो असतो का?"

आठव्या महिन्यात त्याने सरळ लग्नाचं विचारलं. "पुढच्या तपासणीला सांगते," मी म्हटलं. तशा सहा तपासण्या गेल्या.

आज बहीण बाळाला वजनाला घेऊन गेली होती. त्याने फोन पुढे करून नवं रेकॉर्डिंग लावलं... तीन मिनिटं नुसती शांतता.

"बरा झाला गडी. आता मला यायला निमित्त नाही."

तेवढ्यात आईचा फोन आला. "रविवारी मंडळी येताहेत. बंद गळ्याचा ड्रेस घाल. आणि कमी बोल."

मी स्कार्फ सोडून टेबलावर ठेवला. तो व्रणाकडे बघत राहिला.

"इथून श्वास घ्यायचात?"

"चार वर्षं."

"शाबास!" तो हळूच म्हणाला — माझ्यातल्या त्या चार वर्षांच्या मुलीला.

"कोण आहे तिथे?" आईने विचारलं.

"आई, मंडळींना येऊ नका म्हणून कळव. यापुढे मी गळा झाकणार नाही. आणि लग्न करणार आहे — समोर बसलेल्या या माणसाशी."